'स्वीट' आणि 'स्वादु' : एका गोड शब्दाची कुळकथा

'स्वीटेस्ट' आणि 'स्वादिष्ट' हे शब्द एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून बघा. कानाला ते इतके जवळचे लागतात की ऐकणाऱ्याच्या मनात हमखास दोनपैकी एक विचार येतो. एक तर, हा निव्वळ योगायोग असणार. नाहीतर, बघा, इंग्रजीसुद्धा संस्कृतातूनच निघाली! या दुसऱ्या विचाराला पाय फार लवकर फुटतात. ग्रुपवर एकाने तो टाकला की दुपारपर्यंत दहा ग्रुप फिरून परत आपल्याकडेच येतो.

दोन्ही विचार चुकीचे आहेत. हा योगायोग नाही, आणि इंग्रजी संस्कृतातून निघालेलीही नाही. 'स्वीट' आणि संस्कृत 'स्वादु' ही एकाच आईची लेकरं आहेत, आणि ती आई ना इंग्रजी बोलायची ना संस्कृत. शिवाय त्यांचं नातं सिद्ध होतं ते मुख्यतः त्यांच्यातल्या फरकांवरून. हे ऐकायला उलटं वाटतं. तिकडे येऊच, पण आधी या शब्दाचा अर्थ जरा नीट पाहू, कारण तो आपण शाळेत शिकलो त्यापेक्षा बराच ऐसपैस आहे.

स्वीट म्हणजे गोड, हे बरोबरच. पण हा शब्द जिभेपुरता कधीच नव्हता. इंग्रजीत आवाज स्वीट असतो, फुलांचा वास स्वीट असतो, तान्हं मूल स्वीट असतं, झोपायला जाणाऱ्याला स्वीट स्वप्नं पडोत असं म्हणतात. मराठीतल्या 'गोड'ची मजलही साधारण इथवर जातेच : गोड गळा, गोड पोर, गोड हसू. दोन्ही भाषांनी हा विस्तार आपापला केला, पण वाट एकच धरली.

याहून मजेशीर उपयोग वेगळाच आहे. स्वीट वॉटर म्हणजे साखर घातलेलं पाणी नव्हे. ते नदीचं, तळ्याचं, खारट नसलेलं पाणी. आपणही त्याला गोडं पाणीच म्हणतो. स्वीट बटर म्हणजे मीठ न घातलेलं लोणी. अमेरिकेच्या दक्षिण भागात स्वीट मिल्क म्हणजे साधं ताजं दूध, ताक नव्हे. खनिज तेलाच्या बातम्यांत 'लाइट स्वीट क्रूड' असा शब्दप्रयोग येतो. ज्या कच्च्या तेलात गंधकाचं प्रमाण साधारण 0.5 टक्क्यांपेक्षा कमी, ते स्वीट. जास्त असेल तर ते सावर, म्हणजे आंबट. ज्याच्या भावाची रोज चर्चा होते ते ब्रेंट तेल या हिशेबाने गोड आहे. या सगळ्यांत साखरेचा कण नाही. खारट नाही, आंबलेलं नाही, गंधकाचा भपकारा नाही, म्हणून ते स्वीट. नकोसं असं काही त्यात नाही, एवढाच त्याचा अर्थ. मराठीतलं 'गोडंतेल' आठवा. ते चाखून अजून कुणाचं तोंड गोड झालेलं नाही.

ही सुटी टोकं लक्षात ठेवा. 'स्वीट'चा जुना अर्थ 'साखरेसारखं' असा नसून 'हवंहवंसं, सुखावणारं' असा असावा, अशी शंका इथेच यायला लागते. ती खरी आहे हे कळायला शब्दाच्या माहेरी जावं लागतं.

2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स या न्यायाधीशाने एक व्याख्यान दिलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे धातू आणि व्याकरणातली रूपं इतकी जुळतात की ते आपोआप घडणं शक्य नाही. या तिन्ही भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसावा, असं त्याने मांडलं. त्या उगमाला आज आद्य इंडो-युरोपीय भाषा म्हणतात. ती साधारण 5,000 ते 6,000 वर्षांपूर्वी बोलली जात होती. तिच्यात लिहिलेली एकही ओळ आपल्याकडे नाही, कारण ती बोलणाऱ्यांना लिपीच नव्हती. तिच्या लेकीबाळींकडे बघून तिचा चेहरा जुळवावा लागतो. नातवंडांची नाकं बघून पणजीचं नाक कसं असेल ते ठरवावं, तसं.

त्या भाषेत 'स्वाद्'सारखा उच्चार असलेला एक धातू होता, आणि त्याचा अर्थ होता गोड लागणं, सुखावणं. संस्कृतात तो 'स्वादु' झाला, लॅटिनमध्ये 'स्वाविस', ग्रीकमध्ये 'हेडूस', डचमध्ये 'झूट', जुन्या इंग्रजीत 'स्वेटे' आणि आजच्या इंग्रजीत 'स्वीट'.

इथे चिकित्सक वाचक विचारेल, 'स्वादु' आणि 'स्वाविस' ठीक, पण 'हेडूस'चा इथे काय संबंध? आणि 'स्वीट'मध्ये शेवटी 'ट' कुठून आला, 'द' कुठे गेला? हाच तो प्रश्न. या प्रश्नाचं उत्तर मिळतं म्हणूनच नातं खरं मानायचं.

जर्मन अभ्यासक याकोब ग्रिम याने (तोच, परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरला) 1822 मध्ये एक नियम नीट मांडून दाखवला. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेत येते, त्या शाखेत मूळचा 'द' ठरावीकपणे 'ट' होतो. एखाद्या शब्दात नव्हे, जुन्या वारशाच्या सगळ्या शब्दांत. संस्कृतात द्वि, इंग्रजीत टू. दश, तर टेन. दन्त, तर टूथ. पद, तर फूट. आणि इथे 'प'चा 'फ' झालेलाही दिसतो, जसा पितृ आणि फादर यांच्यात. हृद् आणि हार्ट यांच्या सुरुवातीला आणखी एक बदल आहे, पण शेवटी तोच 'द' आणि तोच 'ट'. आता 'स्वादु' घ्या. नियम सांगतो की इंग्रजीत त्याच्या शेवटी 'ट' हवा. आहे. उलट इंग्रजीत गोडाला 'स्वीड' म्हणत असते, तर शब्द आपल्याला अधिक जवळचा वाटला असता आणि भाषाशास्त्रज्ञाला मात्र संशय आला असता.

हा संशय कसा कामी येतो ते बघा. 'दिवस' आणि इंग्रजी 'डे' हे सख्खे भाऊ आहेत असं कुणीही पैजेवर सांगेल. अर्थ एक, पहिलं अक्षर एक. पण नियमाने 'दिवस'मधल्या 'द'चा इंग्रजीत 'ट' व्हायला हवा होता. तो झालेला नाही, म्हणजे 'डे' या घरातला नाही. तो वेगळ्या धातूपासून आलेला शब्द आहे. 'दिवस'च्या कुळातला खरा इंग्रजी नातेवाईक ट्यूसडेमध्ये लपलेला आहे. ट्यूसडे म्हणजे 'टीव' या जर्मानिक देवतेचा वार, आणि 'टीव' हे नाव म्हणजे 'दिवस'च्याच कुळातला आपला 'देव'. 'द'चा 'ट' झाला की लगेच ओळख पटते. सारखं दिसतं ते परकं आणि वेगळं दिसतं ते घरचं, असा हा मामला आहे.

व्यंजनाचं झालं, स्वराचं काय? 'स्वादु'मधला दीर्घ 'आ' इंग्रजीत 'ई' कसा होतो? इथे तीन पायऱ्या आहेत, आणि तिन्हींच्या खुणा आजच्या इंग्रजीत सापडतात. पहिली पायरी : संस्कृतात जिथे असा 'आ' दिसतो, तिथे जर्मानिकमध्ये 'ओ' होतो. मातृ–मदर, भ्रातृ–ब्रदर. उच्चार आज बदललाय, पण या दोन्ही इंग्रजी शब्दांच्या स्पेलिंगमध्ये तो 'ओ' अजून बसलेला आहे. म्हणजे गोडाचं रूप 'स्वोट' असं काहीतरी असणार. ते होतंही. चौदाव्या शतकाच्या शेवटी जेफ्री चॉसरने 'कँटरबरी टेल्स' लिहिल्या. त्यांच्या अगदी पहिल्या ओळीत एप्रिलच्या पावसाच्या सरींना त्याने 'सोटे' म्हटलंय. ते याच जुन्या 'ओ'वाल्या रूपाचं वंशज.

दुसरी पायरी : शब्दाच्या पुढच्या भागात 'इ' किंवा 'य' आला की जर्मानिक भाषांत आधीचा स्वर त्याच्याकडे ओढला जाई. पुढे येणाऱ्या आवाजाची जीभ आधीच तयारी करते, तसं. फूटचं अनेकवचन फीट होतं, गूसचं गीस होतं, ते याचमुळे. गोडाच्या शब्दातही पुढे हा 'य' होता. त्याने 'ओ'ला 'ए' केलं आणि जुनं इंग्रजी रूप 'स्वेटे' झालं. तिसरी पायरी : साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकांत इंग्रजीचे सगळेच दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून सरकले. त्यात दीर्घ 'ए'चा 'ई' झाला. उच्चार 'स्वीट' झाला, स्पेलिंगमध्ये मात्र दोन 'ई' अक्षरं, म्हणजे जुना लांब 'ए', तशीच राहिली. इंग्रजी स्पेलिंगला आपण नावं ठेवतो, पण ते जुन्या उच्चाराचं दप्तर आहे.

आता 'स्वीटेस्ट'कडे परत येऊ, कारण तिथे नुसता शब्दच नाही, शेपूटही वारशाचं आहे. संस्कृतात 'सगळ्यात जास्त' हा अर्थ दाखवायला 'इष्ठ' हा प्रत्यय लागतो. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ हे सगळे त्याच साच्यातले. ग्रीकमध्ये हाच प्रत्यय 'इस्टोस' असा आहे आणि इंग्रजीत 'एस्ट'. म्हणून स्वादु–स्वादिष्ठ, हेडूस–हेडिस्टोस, स्वीट–स्वीटेस्ट. धातू जुळतो, प्रत्यय जुळतो, अर्थही जुळतो. हजारो वर्षांपूर्वी एका घरातून निघालेल्या माणसांनी शब्द उचलून नेलाच, पण त्याला शेपूट जोडायची पद्धतही नेली. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलाची सुरुवातच या शब्दाने होते : 'स्वादिष्ठया मदिष्ठया पवस्व सोम धारया'. सर्वांत गोड, सर्वांत धुंद करणाऱ्या धारेने वाहा, असं सोमाला सांगितलंय.

मराठीत येईपर्यंत 'ठ'चा 'ट' झाला आणि 'सर्वांत' हा अर्थही झडून गेला. आपल्या लेखी स्वादिष्ट म्हणजे नुसतं चविष्ट. म्हणूनच आपण बिनदिक्कत 'सर्वांत स्वादिष्ट' म्हणतो. इंग्रजीच्या पेपरात कुणी 'मोस्ट स्वीटेस्ट' लिहिलं तर लाल शाई पडते. मराठीत आपण रोज तेच करतो आणि कुणाचं काही बिघडत नाही.

झडण्यावरून आठवलं. या एका धातूचं चार घरांत चार प्रकारे झालं, आणि माझ्या मते या कथेतला सगळ्यात चवदार भाग हाच आहे.

ग्रीकांकडे आधी जाऊ. तिथे शब्दाच्या सुरुवातीच्या 'स'चा 'ह' होतो : आपलं सप्त, तिकडे हेप्टा. तसंच 'स्व'चा नुसता 'ह' उरला आणि 'स्वादु'चं भावंड 'हेडूस' झालं. अर्थ मात्र जिभेवरून उतरून सगळ्या सुखभर पसरला. 'इलियड' या महाकाव्यात ओडिसियस हा थर्साइटीस नावाच्या वाचाळ सैनिकाला राजदंडाने बडवतो आणि बाकीचे सैनिक हसतात. ते कसे हसले, तर 'हेडू'. याला मराठीत गोड हसले म्हणता येणार नाही. ते मजा घेत, खदखदून हसले. याच कुळातलं नाम 'हेडोनी', म्हणजे सुख. एपिक्युरस या तत्त्वज्ञाने ते आयुष्याचं ध्येय मानलं आणि त्यावरून पुढे 'हेडोनिझम' हा शब्द घडला. एपिक्युरसची हेडोनी म्हणजे देहाला वेदना नसणं आणि मनाला खळबळ नसणं. चंगळ हा अर्थ त्याच्या माथी लोकांनी मारला. वर गोड्या पाण्याचं बोललो ते आठवतंय? नकोसं काही नसणं हेच सुख. शब्दाच्या पोटातली जुनी जाण तत्त्वज्ञानात अशी डोकावते.

रोमनांकडे 'स्वाविस' म्हणजे गोड, मऊ, रुचणारं. त्यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'स्वाव्ह' आला. आज तो शब्द सफाईदार वागणाऱ्या, गुळगुळीत बोलणाऱ्या पुरुषासाठी वापरतात, आणि त्यात थोडा अविश्वासही असतो. पण लॅटिनचा खरा कळस म्हणजे 'स्वादेरे' हे क्रियापद. उच्चारात आपला 'स्वाद' जवळजवळ जसाच्या तसा, आणि अर्थ : सल्ला देणं, मन वळवणं. एखादी गोष्ट समोरच्याला गोड वाटेल अशी करून सांगणं. त्यातूनच इंग्रजी 'परस्वेड' आणि 'डिस्वेड' आले. मराठीत आपण म्हणतो, 'जरा गोडीगुलाबीने सांग, ऐकेल तो.' रोमन माणसालाही हेच म्हणायचं होतं. आणखी गंमत अशी की इंग्रजीने 'परस्वेड' लॅटिनकडून उसना घेतला तेव्हा त्याच्या आत आपलाच 'स्वीट' दडलाय हे कुणाला दिसलं नाही. मग विसाव्या शतकात अमेरिकेत लोकांनी 'स्वीट-टॉक' असं नवं क्रियापद काढलं : गोड बोलून एखाद्याला पटवणं. जुनी कल्पना पुन्हा नव्याने सुचली.

आपल्याकडे तिसराच प्रकार. संस्कृतात 'स्वादु' म्हणजे गोड आणि रुचकर, दोन्ही. मराठीपर्यंत येताना गोडवा गळून पडला आणि 'स्वाद' म्हणजे कुठलीही चव झाली. तिखटाचाही स्वाद, कडूचाही स्वाद. पुढे तो जिभेलाही सोडून गेला : कवितेचा आस्वाद, रागाचा रसास्वाद, आस्वादक समीक्षा. म्हणजे ग्रीकांनी या धातूचं तत्त्वज्ञान केलं, रोमनांनी वक्तृत्व केलं, आपण कलासमीक्षा केली. मूळची गोड चव पक्की धरून बसली ती इंग्रजी आणि तिच्या जर्मानिक बहिणी.

तीही फार पक्की नव्हे म्हणा. आजकालची इंग्रजी बोलणारी मुलं एखादी गोष्ट मनासारखी झाली की नुसतं 'स्वीट!' म्हणतात. म्हणजे मस्त, झकास. त्यात जीभ कुठेच नाही, पुन्हा नुसतं सुखावणं.

या वाटेवर दोन सापळे आहेत, ते दाखवून पुढे जातो. इंग्रजी 'स्वेट', म्हणजे घाम, हा शब्द स्पेलिंगला 'स्वीट'चा जुळा भाऊ वाटतो. एका अक्षराचा फरक, आणि इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी त्यात गोंधळ घातलेला असतो. पण त्याचं कूळ वेगळं, आणि ते कूळ आपल्याला माहितीचं आहे : संस्कृत 'स्वेद'. स्वेदग्रंथीतला स्वेद. इथेही 'द'चा 'ट' नियमाप्रमाणे झालाय. स्वीट–स्वादु आणि स्वेट–स्वेद अशा दोन जोड्या शेजारी शेजारी ठेवल्या की ग्रिमच्या नियमाबद्दल आणखी काही सांगायला नको. दुसरा सापळा हॉटेलातला 'स्वीट', म्हणजे अनेक खोल्यांचा ऐसपैस कक्ष. उच्चार हुबेहूब तोच, पण तो शब्द लॅटिनमधल्या 'मागे चालणं' या अर्थाच्या क्रियापदापासून आलाय. आधी सोबतचा लवाजमा, मग एकापुढे एक लागलेल्या खोल्या. त्याचं संस्कृतातलं भावंड आहे 'सच्' हा धातू, सोबत असणं, आणि त्यावरून आलेला 'सचिव'. मंत्र्यांच्या मागे चालणारे सचिव आणि हॉटेलातला महागडा कक्ष एका कुळातले निघावेत, हे मला अजून पचलेलं नाही.

इथवर सांगितली ती रक्ताची नाती. पण इंग्रजीच्या गोडव्यात दुसऱ्या प्रकारचे शब्दही आहेत, व्यापाऱ्यांच्या सोबत प्रवास करून आलेले. त्यात पहिला 'शुगर'.

संस्कृत 'शर्करा' म्हणजे मुळात खडे, कंकर, जाडी वाळू. उसाचा रस आटवून दाणेदार पदार्थ करता येऊ लागला, तेव्हा दिसण्यावरून त्याला तेच नाव पडलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस 'साक्खारोन' नावाच्या वस्तूची नोंद करतो : भारतात आणि अरबस्तानात बोरूसारख्या वनस्पतींत सापडणारा, थिजलेल्या मधासारखा, आणि मिठासारखा दाताखाली फुटणारा पदार्थ. युरोपला तेव्हा गोड म्हणजे मध आणि फळं एवढंच माहीत होतं, त्यामुळे वर्णनाला मध आणि मीठ यांचाच आधार घ्यावा लागला. पुढे प्राकृतातलं 'सक्करा' फारसीत 'शकर' झालं, अरबीत 'सुक्कर', इटालियनमध्ये 'झुक्केरो', फ्रेंचमध्ये 'स्यूक्र', आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजीत पोहोचलं. त्याच प्राकृत 'सक्करा'ची आपल्या घरात 'साखर' झाली. इंग्रजीत स्पेलिंग 'स'चं आणि उच्चार 'शु'चा का, असा प्रश्न अनेकांना पडतो. सुरुवातीचा उच्चार 'स्यू' असा होता, आणि 'स्य' भरभर म्हणताना 'श'कडे घसरतो. 'शुअर'चंही तेच झालं.

या शब्दाला ग्रिमचा नियम लावू नका, लागणार नाही. तो नियम घडून गेल्यावर शेकडो वर्षांनी हा पाहुणा आला. पाहुणा किती दारांवरून आला त्यावर त्याचा चेहरा ठरतो. 'शर्करा' तर इंग्रजीत एकूण तीन वाटांनी शिरली. अरबी-फ्रेंच वाटेने शुगर. मल्याळम 'चक्करा'वरून पोर्तुगिजांच्या तोंडी 'जागरा' आणि तिथून जॅगरी, म्हणजे गूळ. आणि ग्रीक-लॅटिन वाटेने 'सॅकरिन', म्हणजे साखरेऐवजी वापरायचा कृत्रिम गोड पदार्थ.

सॅकरिनची गोष्ट दोन वाक्यांत. 1879 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टँटिन फालबर्ग हा रसायनशास्त्रज्ञ डांबरातून निघणाऱ्या संयुगांवर काम करत होता. हात न धुता जेवायला बसला आणि हातातला पाव गोड लागला. त्या पदार्थाला त्याने सॅकरिन नाव दिलं, हे ठीक, पण मला त्याच्या भावंडाची, म्हणजे त्याच नावाच्या विशेषणाची, जास्त मजा वाटते : एखादा चित्रपट, एखादं पत्र, एखाद्याचं हसू सॅकरिन आहे असं इंग्रजीत म्हटलं की ते कौतुक नसतं. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, गुळचट. दोन्ही भाषांना अति गोडाचा वीट आला आणि दोघींनी तो उसाच्या पदार्थावर काढला.

'कँडी'ही असाच फिरस्ता. संस्कृत 'खण्ड' म्हणजे तुकडा. साखरेचा खडा तो खण्ड; फारसीत तो 'कंद' झाला, अरबीत 'कंदी', आणि फ्रेंचांकडून इंग्रजीत कँडी. अमेरिकन मूल कँडी मागतं आणि ब्रिटिश मूल स्वीट्स मागतं, तेव्हा पहिल्याचा शब्द व्यापारी वाटेने आलेला असतो आणि दुसऱ्याचा वारशाने.

मधाचं थोडक्यात. संस्कृत 'मधु' आणि इंग्रजी 'मीड', म्हणजे मधाची दारू, हे रक्ताचे नातेवाईक आहेत. ग्रीकमध्ये तोच शब्द 'मेथू', अर्थ वाइन. 1834 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्यावरून 'मेथिलीन' हे नाव घडवलं, आणि त्यामुळे मेथिल अल्कोहोलच्या बाटलीवर आपला मधु नावापुरता शिल्लक आहे. चाखू मात्र नका, ते विष आहे.

शेवटी राहिले दोन शब्द, ज्यांनी मला या सगळ्याच्या नादी लावलं : स्वीटमीट आणि स्वीटब्रेड. स्वीटमीट म्हणजे मिठाई, त्यात मांस नसतं. 'मीट'चा जुना अर्थ कुठलंही खाणं असा होता. स्वीटब्रेडमध्ये मात्र ब्रेड नसतो, ते मांस असतं : कोकराच्या किंवा वासराच्या शरीरातली ग्रंथी. या दोन नावांची अदलाबदल झाली असती तर बऱ्याच शाकाहारी प्रवाशांची पंचाईत टळली असती. स्वीटब्रेड या नावाखाली दोन वेगवेगळ्या ग्रंथी येतात. एक थायमस, दुसरी पँक्रियाज. आता पँक्रियाजला मराठीत काय म्हणतात ते आठवा. स्वादुपिंड! इंग्रज खाटकाचा स्वीट आणि आपल्या शरीरशास्त्राच्या पुस्तकातला स्वादु, एकाच आईची ही दोन लेकरं एकाच अवयवावर येऊन बसली आहेत.

आणि गोडाशी त्या अवयवाचा संबंध नावापुरता नाही. 1889 मध्ये स्ट्रासबुर्गला ऑस्कर मिंकोव्हस्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं, तर त्याच्या लघवीत साखर उतरू लागली. त्या रोगाच्या लॅटिन नावात 'मेलिटस' असतं, म्हणजे मधासारखं गोड. आपल्याकडे तो मधुमेह. तपासणीच्या कागदावर इंग्रजीत 'ब्लड शुगर' छापलेलं असतं आणि मराठी पुस्तक त्याच आकड्याला 'रक्तशर्करा' म्हणतं. शर्करा आणि शुगर, शब्द एकच. एक घरी राहिलेला, एक फारसी, अरबी, इटालियन, फ्रेंच करत परत आलेला.